मराठी वाङ्मयातील गाय आणि गवत

मराठी कवितेत गाईला जे मानाचे स्थान लाभले आहे ते दुसऱ्या कोणत्याही पशूला लाभलेले नाही. संतांच्या गवळणी, काल्याचे अभंग, बाळक्रीडेची प्रकरणे आणि अलीकडील बालगीते ही सारी एकत्र केली, तर गाईगुरांचे एक अफाट खिल्लार आपल्या डोळ्यांसमोरून जाते. परंतु हे खिल्लार काय खाते, कोठे खाते, आणि उद्या खावयास तेथे काही उरते किंवा नाही, असे प्रश्न विचारू लागल्यास त्यांची उत्तरे त्याच वाङ्मयात शोधताना मोठे कष्ट पडतात. गाय आहे, गुराखी आहे, मुरली आहे, यमुनेचे पाणी आहे; गवत मात्र गृहीत धरलेले आहे. या गृहीताची परीक्षा करावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

हा प्रश्न निव्वळ वाङ्मयीन कुतूहलाचा आहे असे वाचकांनी समजू नये. ज्या गोष्टीला समाजाच्या कल्पनेत जागा नसते, तिला त्याच्या कारभारातही सहसा जागा मिळत नाही. आम्ही राहतो त्या हिंगोली जिल्ह्यात याचे प्रत्यंतर पावलोपावली येते. हा जिल्हा 1 मे 1999 रोजी परभणीपासून वेगळा झाला. कयाधू, पूर्णा आणि पैनगंगा या नद्यांच्या काठी काळी जमीन आहे. परंतु तेथून थोडे वर चढावे, की मुरमाड माळ लागतात. हे माळ नांगराला फारसे मानवत नाहीत, गवताला मानवतात. पवन्या, शेडा, मारवेल आणि कुसळी ही त्यांची खरी पिके, आणि लाल कंधारी हे या मुलखाचे गोवंशाचे वाण. आज खाली सोयाबीन आणि हळद पसरली आहे. ज्वारीचा पेरा घटला, त्याबरोबर कडबाही घटला. सोयाबीनचे भुसकट त्याची जागा भरून काढू शकत नाही. म्हणून उरलेली जनावरे त्याच माळावर बारा महिने हिंडतात, आणि माळ वर्षानुवर्षे उघडा पडत जातो. दोष कोणाचा, असे विचारले की दोन उत्तरे ठरलेली असतात. एक वर्ग म्हणतो, गाय ही माता आहे, तिला दोष देणे हे पाप. दुसरा म्हणतो, गुरेच माळाची वैरी आहेत, त्यांना बंद करा. या दोन्ही उत्तरांचे मूळ एकच आहे. दोन्ही उत्तरे देणारांनी गाईकडे पाहिले आहे, गवताकडे पाहिलेले नाही.

आता प्रथम आमच्या जिल्ह्याच्या थोर कवीकडे वळू. कयाधूच्या काठचे नर्सी हे गाव परंपरेने नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते. नामदेवांच्या अभंगांत गाय आणि वासरू यांची उपमा पुनःपुन्हा येते. शिखांच्या गुरु ग्रंथसाहिबात त्यांची 61 पदे समाविष्ट आहेत, आणि वासरावाचून तळमळणारी एकटी गाय तेथेही भेटते. देव ही गाय, भक्त हे वासरू, आणि दोहोंमधील अंतर हा भक्तीचा प्राण, अशी ही रचना आहे. टीकाकारांनी तिच्यातील वात्सल्याचे विवेचन पुष्कळ केले आहे. परंतु हे अंतर मुळात उत्पन्न का होते, याचा विचार आमच्या पाहण्यात आलेला नाही. गाय वासरापासून दूर जाते ती चरावयास जाते म्हणून. वासरू दावणीला बांधलेले असते, दिवस लांबतो, आणि संध्याकाळी धूळ उडवीत गाय परतली म्हणजे त्याचा जीव भांड्यात पडतो. अर्थात नामदेवांच्या विरहाचा साचा हा चराईच्या दिवसाचाच साचा होय. हे ध्यानी आल्यावर त्या कवितेची थोरवी कमी होत नाही. ती अधिक पार्थिव आणि म्हणून अधिक खरी वाटू लागते. मात्र त्याबरोबरच तिची मर्यादाही कळते. वासराला कुरण दिसत नाही. त्याला फक्त गाईचे जाणे आणि येणे कळते. आपली भक्तिकविता ही वासराच्या बाजूने लिहिलेली कविता आहे.

काल्याच्या अभंगांत दृश्य बदलते. येथे आपण प्रत्यक्ष रानात असतो. प्रत्येक गोपाळाने घरून आणलेली शिदोरी एकत्र होते, कोणाची कोणती हा भेद उरत नाही, आणि पांगलेल्या गाई वळावयास सवंगड्यांसाठी देव स्वतः धावतो. सांप्रदायिक अर्थ बाजूस ठेवून पाहिले, तर गावाच्या सामाईक गुरांची आणि सामाईक रानाची रीतच येथे चित्रित झाली आहे. एकाने वळावयाचे, बाकीच्यांनी बसावयाचे, मग दुसऱ्याची पाळी. 'पाळी' हा शब्द वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे त्याच्याशी पुन्हा गाठ पडणार आहे. परंतु काल्यातही माणसांची पाळी आहे, रानाची नाही. वृंदावन सदा हिरवे असते. तेथे गवत संपत नाही, म्हणून ते राखावेही लागत नाही.

वास्तविक रान राखण्याची जाणीव आपल्या पूर्वजांना नव्हती असे नाही. जी भूमी पिकाला योग्य नाही ती पशूंच्या चराईकरिता द्यावी, असे कौटिलीय अर्थशास्त्र सांगते, आणि कुरणांवर देखरेख करणाऱ्या विवीताध्यक्षाकरिता त्यात स्वतंत्र प्रकरण आहे. गावाभोवती शंभर धनुष्ये रुंदीची मोकळी जागा गुरांकरिता सोडावी, असे मनुस्मृतीत आहे. पेशवाईत सरकारी कुरणे राखली जात आणि वनचराई नावाची पट्टी वसूल होई. म्हणजे शासनाला गवत दिसत होते. कवीला दिसले नाही. कारकुनाच्या दप्तरात कुरण आहे आणि कवितेत वृंदावन आहे, ही फारकत मोठी अर्थपूर्ण आहे.

येथे गवताच्या शास्त्राचे दोन शब्द सांगणे अवश्य आहे, कारण त्यावाचून पुढील ग्रंथांची परीक्षा करावयास मापच हाती राहणार नाही. वर्षानुवर्षे टिकणाऱ्या गवताचे पाते जनावराने खुडले, म्हणजे ते मुळांपाशी साठलेल्या अन्नाच्या बळावर पुन्हा फुटते. नव्या पात्याला ऊन खाऊन ती उणीव भरून काढण्याइतका अवकाश मिळाला, तर ठोंबाला इजा होत नाही; उलट जुना वाळका भाग निघून गेल्याने कोवळ्या फुटव्यास उजेड मिळतो. परंतु उणीव भरण्यापूर्वीच दुसरा घास बसला, मग तिसरा बसला, तर मुळे आखूड होत जातात. पवन्या आणि मारवेल प्रथम जातात, मागे कुसळी राहते. तीही हटली म्हणजे तरोटा आणि गाजरगवत माळाचा ताबा घेतात. म्हणून गुरे आली यापेक्षा ती वेळेवर गेली नाहीत, ही माळाची खरी तक्रार असते. माळाचे भाग करावे, एका भागात गुरे असताना बाकीच्यांस विसावा द्यावा, आणि पावसाळ्यात निदान एक भाग बी झडेपर्यंत मुळीच उघडू नये, ही पाळीची चराई होय.

परदेशांत या विषयावर पुष्कळ लिहिले गेले आहे. फ्रान्समधील आंद्रे व्हॉइझँ यांनी 1957 साली गवताच्या उत्पादकतेवर ग्रंथ लिहून विसाव्याच्या काळाचे महत्त्व प्रतिपादिले. झिंबाब्वेचे अ‍ॅलन सेव्हरी यांनी तर कळपांच्या योजनाबद्ध हालचालीने वाळवंटे मागे हटविता येतील, असा दावा 2013 सालच्या एका गाजलेल्या भाषणात केला. विद्वानांस तो मान्य झालेला नाही. ब्रिस्के प्रभृतींनी 2008 साली अनेक प्रयोगांचा परामर्श घेऊन दाखविले की, केवळ पाळी बांधल्याने रानाचे उत्पन्न वाढते असे प्रयोगांवरून सिद्ध होत नाही. पाऊस किती, गुरे किती, आणि राखणारा प्रसंग पाहून बदल करतो किंवा नाही, यांवरच अधिक अवलंबून असते. आम्हांस हा आक्षेप मोलाचा वाटतो. त्याचे तात्पर्य असे की, कुंपणाच्या गणितापेक्षा राखणदाराची नजर महत्त्वाची. आणि नजर हा तर वाङ्मयाचाच विषय आहे.

गवताबरोबर वन्य जीवांचाही संसार असतो, आणि तो एकाच उंचीच्या गवतावर चालत नाही. तणमोर पावसाळ्यात विणीकरिता येतो तेव्हा त्याला लपावयास उंच गवत हवे. त्याचा नर त्या गवतातूनच उड्या मारून मादीला साद घालतो. धाविक पक्ष्याला उलट आखूड, चरलेली, जवळजवळ उघडी भुई लागते. काळविटाला दूरवर नजर टाकता येईल असे मोकळे रान आवडते. लांडगा माळावरच्या मेंढरांवर नजर ठेवून जगतो. गायबगळा आणि कोतवाल गुरांच्या पायांशी उडणारे किडे टिपतात. सारा माळ बंद केला तर धाविकाचे काय, आणि सारा मोकळा सोडला तर तणमोराचे काय? जेथे पाळी आहे तेथे उंच आणि आखूड गवत शेजारीशेजारी नांदते, आणि दोघांचीही सोय होते.

या मापाने आधुनिक मराठी गद्याकडे पाहिले, की व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (1955) प्रथम डोळ्यांसमोर येते. गवत संपू शकते, ही गोष्ट मराठी कादंबरीने इतक्या स्पष्टपणे येथेच सांगितली असे आम्हांस वाटते. औंध संस्थानातील धनगरांच्या एका वाडीत तरुण मास्तर शाळा चालवावयास येतो, लोकांचा विश्वास हळूहळू मिळवितो, तालीम उभी राहते. आणि मग पाऊस येत नाही, चारा संपतो, मेंढरे मरू लागतात आणि वाडी ओस पडते. वृंदावनाच्या अक्षय हिरवळीला या शेवटाने कायमचे उत्तर मिळाले आहे. माडगूळकरांची वाक्ये लहान आहेत, विशेषणे थोडी आहेत, आणि माळाची उजाड प्रकृती त्या शैलीतच उतरली आहे. हे श्रेय निःसंशय मोठे आहे.

तथापि एक गोष्ट नमूद केली पाहिजे. या कादंबरीचा निवेदक मास्तर आहे, आणि मास्तर गावी राहतो. धनगर मेंढरे घेऊन निघाला म्हणजे तो दृष्टीआड होतो. तो कोणत्या वाटेने जातो, कोणाच्या शेतात मेंढरे बसवितो, लेंडीखताच्या मोबदल्यात किती धान्य घेतो, एका मुक्कामावरून उठावयाची वेळ झाली हे त्याला कशावरून कळते, हे सारे शाळेच्या ओट्यावरून दिसणे शक्यच नव्हते. त्यामुळे वाडी ओसाड होणे हे पुस्तकात दैवाच्या आघातासारखे येते. वास्तविक धनगराच्या दृष्टीने निघून जाणे हीसुद्धा एक विद्या आहे. पाण्याने दगा दिला की रान सोडावे, म्हणजे रानही वाचते आणि मेंढरूही वाचते. ओस वाडीत मागे राहिलेला मास्तर आम्हांस नामदेवांच्या वासराची आठवण देतो. सहा शतके लोटली, काव्याचे गद्य झाले, भक्तीचा वास्तववाद झाला. परंतु पाहणारा अद्यापि दावणीपाशीच उभा आहे.

निघून जाणाऱ्याच्या बाजूचे वाङ्मय मराठीत मुळीच नाही असे मात्र म्हणता येणार नाही. ते धनगरांच्या ओव्यांत आहे. बिरोबा आणि म्हस्कोबा यांच्या या ओव्या जमविण्यासाठी गुंथर सोन्थायमर हा जर्मन पंडित धनगरांमध्ये वर्षानुवर्षे हिंडला आणि 1976 साली त्याने त्यांवर आपल्या भाषेत मोठा ग्रंथ सिद्ध केला. मेंढपाळ आणि शेतकरी, रान आणि शिवार, फिरणे आणि स्थिरावणे यांमधील ताण हा त्या विश्वाचा कणा आहे, हे त्याने दाखवून दिले. हे काम परक्या देशातील माणसाने करावे आणि आपल्या वाङ्मयेतिहासांनी त्या ओव्यांना लोकसाहित्याच्या परिशिष्टात ढकलावे, ही गोष्ट आपणांस भूषणावह नाही. आमच्या पैनगंगेच्या दोन्ही तीरांवर हटकरांची वस्ती जुनी आहे. ओझ्याच्या बैलांचे तांडे हाकीत देशभर हिंडलेल्या बंजाऱ्यांचे तांडे सेनगाव-औंढ्याच्या बाजूला आहेत. त्यांच्या गाण्यांत कोणते रान केव्हा सोडावे याचे ज्ञान किती साठले असेल, हे आमच्या महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांनी शोधावयाचे नाही तर कोणी?

येथवर आम्ही ज्या वाङ्मयाचा विचार केला त्यात गाय जिवंत आहे. परंतु मराठीत गाईचे आणखी एक चित्र आहे, आणि त्याकडे पाठ फिरवून लिहिलेला लेख अप्रामाणिक ठरेल. दया पवारांच्या 'बलुतं' (1978) या आत्मकथनात आणि त्यानंतरच्या दलित लेखनात जनावर महारवाड्याकडे येते ते मेल्यावर. ते ओढावयाचे, सोलावयाचे, आणि त्याचे मांस वाटून घ्यावयाचे. 1927 साली महाडला डॉ. आंबेडकरांनी हे काम आणि हे अन्न सोडावयास सांगितले, त्यामागील अपमान या पानांतून जाणवतो. काल्यात सर्वांच्या शिदोऱ्या एक झाल्या, परंतु प्रत्यक्ष गावात गाईचे दूध एकाकडे गेले आणि तिचे मढे दुसऱ्याकडे. मग ज्यांच्या वाट्यास जिवंत गाय आलीच नाही, त्यांनी गायरान राखण्याचे गोडवे का गावेत? दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली 1959 आणि 1964 साली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले, त्यांत पडीक जमिनीची मागणी होती. मराठवाड्यातील अनेक दलित कुटुंबे आजही गायरानाच्या तुकड्यावर ज्वारी पिकवून जगतात. त्यांना अतिक्रमणदार म्हणून हुसकावणे आणि त्याच वेळी सौरऊर्जेच्या प्रकल्पांना गायराने देणे, हा गवताचा कैवार नव्हे. आमचे म्हणणे असे की, माळाच्या पाळीचा विचार करताना माणसांच्या पाळीचा विचार प्रथम झाला पाहिजे. ज्यांची पाळी कधीच आली नाही त्यांना आरंभी बसवावे. मग उरलेले रान सर्वांनी मिळून राखावे. अन्यथा कुरणाच्या नावाखाली जुनेच गाव परत येईल.

आता एका शब्दाविषयी. राळेगणसिद्धीच्या उदाहरणावरून 1992 साली आदर्श गाव योजना निघाली, तिच्या तत्त्वांत कुऱ्हाडबंदी, नशाबंदी यांच्या ओळीत 'चराईबंदी' हा शब्द बसला. त्या गावांनी डोंगर हिरवे केले, हे आम्ही कृतज्ञतेने मान्य करतो. उघड्या पडलेल्या माळाला काही वर्षे पूर्ण विसावा लागतो यातही शंका नाही. आमचा आक्षेप शब्दाला आहे. नशा हे व्यसन आहे आणि कुऱ्हाड हे हत्यार आहे. चरणे हा जनावराचा धर्म आहे. त्याला 'बंदी'च्या रांगेत उभे केले, की गुराखी आपोआप गुन्हेगार ठरतो, आणि गावात ज्याच्याजवळ शेत नाही, फक्त चार शेळ्या आहेत, त्याच्यावर सारा भार पडतो. शिवाय बंदीला शेवट नसतो. ती एकतर चालू असते किंवा मोडलेली असते. मराठीत याहून चांगला शब्द पूर्वीपासून होता. कुरण 'राखणे' असे आपण म्हणत आलो. राखणे यात संरक्षण आहे, शिल्लक ठेवणे आहे, आणि योग्य वेळी उघडणेही आहे. ज्या भाषेत हा शब्द जिवंत आहे तिने 'बंदी' उसनी का घ्यावी?

या शब्दाचा खरा अर्थ आम्हांस एका गुराख्याने शिकविला. मागील भाद्रपदात औंढ्याच्या बाजूच्या एका माळावरून आम्ही चाललो होतो. एक वृद्ध गृहस्थ सात-आठ लाल गाई घेऊन ओढ्याच्या अलीकडे उभे होते. पलीकडे गुडघाभर पवन्या डुलत होता, आणि गाई पुनःपुन्हा तिकडे तोंड करीत होत्या. ते त्यांना काठी आडवी धरून परतवीत होते. इतके चांगले गवत समोर असताना हा अट्टाहास कशाला, असे आम्ही विचारले. त्यांनी आमच्याकडे किंचित आश्चर्याने पाहिले आणि म्हणाले, "सर, ते दिवाळीचं हाय. आज तोंड घातलं, तर मंग दिवाळीला काय खातील?"

"ते दिवाळीचं हाय." आम्ही तीस वर्षे वर्गात काव्य शिकवीत आलो, गवताला काळाचे नाव देणारे इतके नेमके वाक्य आमच्या वाचनात आलेले नाही. त्या माणसाला माळ म्हणजे एकच एक हिरवा पट दिसत नव्हता. त्याच्या दृष्टीने ओढ्याच्या अलीकडे भाद्रपद होता आणि पलीकडे कार्तिक होता, आणि दोहोंच्या सीमेवर तो काठी घेऊन उभा होता. त्या उंच गवतात कोणते पाखरू आपल्या पिलांसह बसले असेल याची त्याने फिकीर केली नसेल. परंतु त्याच्या काठीने त्या पाखराचेही रक्षण झाले. हे एका माणसाच्या शहाणपणावर किती दिवस चालणार, ही खरी चिंता आहे. ओढ्यापलीकडचा तो तुकडा सामाईक आहे. शेजारच्या गावची गुरे उद्या तेथे शिरली तर त्याच्या काठीला कोणी विचारणार नाही. सर्वांनी मानलेली पाळी नसेल तर एकट्याचे राखणे व्यर्थ जाते, हे त्यालाही ठाऊक होते. कारण निरोप घेताना त्याने तेवढेच सांगितले.

अशा माणसाच्या बाजूने लिहिलेली कादंबरी मराठीत अद्यापि यावयाची आहे. ती शाळेच्या ओट्यावरून लिहिता येणार नाही. तिच्या लेखकाला गवतांची नावे आली पाहिजेत, विहिरींचे पाणी केव्हा आटते हे ठाऊक पाहिजे, आणि कोणाच्या गुरांना कोठे मज्जाव होता हेही लपविता कामा नये. तो लेखक बहुधा आज आमच्यासमोर मागच्या बाकावर बसत असेल. सकाळी गुरे सोडून आलेला, म्हणून तासाला उशिरा पोहोचलेला. त्याला उशिराबद्दल रागे भरण्यापूर्वी त्या दिवशी कोणता माळ उघडा होता आणि कोणता राखला होता, हे एकदा विचारून पाहावे, अशी आमची आमच्या व्यवसायबंधूंना नम्र सूचना आहे.